आटे, खटके आणि एकवाक्यता : अग्निशामक नळ्यांच्या जोडणीचा इतिहास

यंत्रविद्येचा इतिहास लिहिताना शोधाच्या सालास जे स्थान दिले जाते, ते पुष्कळदा त्याच्या योग्यतेहून मोठे असते. एखादी वस्तू कोणी व केव्हा सिद्ध केली हे एकदा ठरले की तिची कथा संपली, असा समज रूढ आहे. अग्निशामक दलाच्या नळ्या परस्परांस जोडणारे जे धातूचे तोंड असते, व जे आपल्याकडे कपलिंग ह्या नावानेच ओळखले जाते, त्याचा इतिहास ह्या समजाच्या विरुद्ध साक्ष देतो. ही जोडणी क्षणात व्हावी, दाबाखाली निसटू नये आणि काम संपताच सहज सुटावी, ह्यासाठी लागणारी युक्ती १८८२ मध्येच उपलब्ध झाली होती. तरीही १९०४ मध्ये बाल्टिमोर शहर जळत असताना सुमारे चाळीस मैलांवरील वॉशिंग्टनहून आलेल्या बंबांच्या नळ्या तेथील हायड्रंटना बसल्या नाहीत. ह्या बावीस वर्षांचा, आणि त्यापुढील दीर्घ काळाचाही, अर्थ लावून पाहावा एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

नळी आली की जोडणी आलीच. ॲम्स्टरडॅमचा चित्रकार यान फान डेर हेडन ह्याने १६७२-७३ च्या सुमारास कातड्याची लवचिक नळी प्रचारात आणली, तेव्हा तिचे सुमारे पन्नास-पन्नास फुटांचे तुकडे पितळी तोंडांनी एकमेकांस जोडण्याची सोय त्याला करावी लागली. पाण्याने भरलेली फार लांब नळी उचलता येत नाही, आणि अखंड नळी एका ठिकाणी फाटली तर सगळीच निकामी होते. तुकडे करणे भाग होते. ह्या तुकड्यांच्या टोकांशीच आपला विषय सुरू होतो.

जोडणीस दोन कामे करावी लागतात : पाणी रोधणे आणि ओढ सोसणे. पहिले काम चामड्याचा किंवा रबराचा वॉशर करतो व ते तुलनेने सोपे आहे. दुसरे अवघड. अडीच इंच व्यासाच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला सात किलोग्रॅम दाब असेल, तर दोन तोंडांस एकमेकांपासून दूर लोटणारा जोर सुमारे २२० किलोग्रॅम भरतो. तीन धिप्पाड माणसे एका टोकास लोंबकळावीत तसा हा भार आहे. स्क्रूचे आटे हा भार आपल्या सर्व वेढ्यांवर वाटून घेतात, म्हणून ते विश्वासार्ह ठरले व सर्वत्र रूढ झाले. परंतु आट्यांची जोडी जमावयाची तर बाहेरचा व्यास, दर इंचातील आट्यांची संख्या आणि आट्याचा छेद ही तिन्ही मापे जुळावी लागतात. त्याशिवाय एक तोंड नर व दुसरे मादी असावे लागते. अंधारात, ओल्या हातांनी, आटे तिरके बसले की सोडून पुन्हा फिरवणे आले, आणि घाईत उलट्या दिशेने अंथरलेली नळी हायड्रंटशी नेली की नराशी नरच येऊन ठाकतो. ज्यांनी घरातील नळाचे काम स्वतः केले आहे त्यांस हा अनुभव नवा नाही. फरक इतकाच की तेथे घर पेटलेले नसते.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात शहरागणिक आट्यांची मापे निराळी होती. ह्यामागे केवळ अनास्था होती असे मानणे बरोबर होणार नाही. एका ओतशाळेचे आटे नगरपालिकेने एकदा पत्करले की पुढील प्रत्येक नळी व प्रत्येक हायड्रंट त्याच मापाचा घ्यावा लागे. विकणाऱ्यास ह्यात तोटा नव्हता, आणि आपल्याच हद्दीचा विचार करणाऱ्या नगरपालिकेसही अडचण जाणवत नव्हती. शेजारचे शहर मदतीस येईल तेव्हाच ती जाणवणार, आणि असे प्रसंग एका पिढीत एखाददुसरे.

असा प्रसंग बोस्टनवर ९ नोव्हेंबर १८७२ रोजी आला. त्या आगीत सुमारे ६५ एकरांतील ७७६ इमारती नष्ट झाल्या. अन्य गावांहून आलेल्या दलांच्या नळ्या जुळविताना जी धांदल उडाली, तिची चर्चा पुढे बराच काळ चालली. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८७३ मध्ये, अमेरिकेतील अग्निशामक प्रमुखांनी एकत्र येऊन आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली, आणि नळ्यांची जोडतोंडे सर्वत्र एकसारखी असावीत हा प्रश्न तिच्यापुढे प्रारंभापासूनच होता. ही बैठक भरली ती बाल्टिमोर शहरात. इतिहासातील योगायोगांचा अभ्यासकाने फार गाजावाजा करू नये हे खरे. पण येथे तो केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. बाल्टिमोरच्या यजमानांस ३१ वर्षे आधी रोग ठाऊक होता व औषधही ठाऊक होते, एवढे त्यावरून निःसंशय सिद्ध होते.

७ फेब्रुवारी १९०४, रविवार. सकाळी अकराच्या सुमारास हर्स्ट कंपनीच्या वखारीत आग लागली आणि सोमवारी सायंकाळपर्यंत ती चालूच राहिली. सुमारे १४० एकरांचा व्यापारी भाग व १,५०० हून अधिक इमारती तिने गिळल्या. तारेने मदत मागविण्यात आली. वॉशिंग्टनचे बंब रेल्वेने येऊन पोचले. मागाहून फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क व इतर ठिकाणची दले आली. वॉशिंग्टनच्या नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या हायड्रंटवर चढेनात, तेव्हा जवानांनी नळी हायड्रंटच्या तोंडाशी धरून तिच्याभोवती कॅनव्हास गुंडाळून पाहिले. असा सांधा किती पाणी पोचवील व किती रस्त्यावर सांडील, हे सांगावयास नको.

ह्या प्रसंगावरून 'आटे जुळले नाहीत म्हणून बाल्टिमोर जळाले' असे वाक्य लोकप्रिय ग्रंथांतून वाचावयास मिळते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मदत पोचण्यापूर्वीच आग वखारीच्या चौकाबाहेर पसरली होती. वारा जोराचा होता, रस्ते अरुंद होते, आणि आग थोपविण्यासाठी सुरुंगांनी इमारती पाडण्याचे प्रयत्नही फसले. मुख्य म्हणजे बाल्टिमोरच्या स्वतःच्या दलाच्या नळ्या स्वतःच्या हायड्रंटना व्यवस्थित बसत होत्या, तरीही ते दल आग आवरू शकले नाही. न जुळणाऱ्या आट्यांनी हानीत भर घातली असेल. ती त्यांनी घडवून आणली असे म्हणण्यास आधार नाही. मग ह्या घटनेचे महत्त्व कशात? तीस वर्षे तज्ज्ञांच्या सभांत पडून राहिलेली तक्रार ह्या आगीने वृत्तपत्रांतून सामान्य नागरिकापर्यंत पोचविली, ह्यात. आगीच्या कारणांचा इतिहास आणि सुधारणेच्या कारणांचा इतिहास एक नव्हेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच वरील वाक्य इतके दिवस टिकले आहे.

१९०१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ह्यानंतर देशभरच्या जोडतोंडांची पाहणी केली, तेव्हा सहाशेंहून अधिक निरनिराळी मापे आढळली. १९०४ मध्येच ह्या संस्थेच्या आवारात लहानशी आग लागली असता तिच्याच दोन इमारतींतील नळ्या एकमेकींस जोडता आल्या नाहीत, ही हकिकत संस्थेच्या इतिहासात नमूद आहे. मानके ठरविणाऱ्यांच्या अंगणातील ही गोष्ट बोलकी आहे. १९०५ मध्ये राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघाने अडीच इंची नळीसाठी दर इंचास साडेसात आटे व सुमारे ३ पूर्णांक १/१६ इंच बाह्य व्यास हे मान ठरविले. साडेसात हा आकडा प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. परंतु सात किंवा आठ आट्यांची जी असंख्य तोंडे वापरात होती, ती थोड्या दुरुस्तीने नव्या मापास जमवून घेता यावीत म्हणून हा मधला मार्ग काढलेला होता. गणितापेक्षा तडजोडीच्या शास्त्राचा तो नमुना आहे.

तथापि मान ठरले म्हणजे ते पाळले गेले असे नव्हे. ते ऐच्छिक होते, आणि जमिनीत रोवलेले हायड्रंट बदलण्याचा खर्च ज्या त्या शहराने सोसावयाचा होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर जी आग भडकली व जीत २५ माणसे दगावली, त्या वेळीही तेथील हायड्रंटची तोंडे तीन इंची होती आणि बाहेरून आलेल्या दलांच्या नळ्या अडीच इंची. २००४ मध्ये, बाल्टिमोरच्या आगीस शंभर वर्षे झाली असता, अमेरिकेच्या मानक संस्थेने पुन्हा आढावा घेतला. त्यातील ४८ मोठ्या शहरांपैकी केवळ १८ शहरांतील हायड्रंट राष्ट्रीय मानानुसार असल्याचे आढळले.

आता १८८२ कडे वळू. त्या वर्षी जर्मन भाषिक प्रदेशात गुइडो श्टोर्त्स ह्याने जी जोडणी सिद्ध केली, तिच्यात आटे नाहीत, आणि नरमादीचा भेदही नाही. दोन्ही अर्धे हुबेहूब एकसारखे असतात. प्रत्येकाच्या कडेवर समोरासमोर दोन आकडे व दोन खाचा असतात. एकाचे आकडे दुसऱ्याच्या खाचांत घालून थोडे फिरविले की ते कडेखाली सरकून अडकतात, आणि दोन रबरी वॉशर एकमेकांवर दाबले जातात. नळीचे कोणतेही टोक कोणत्याही टोकास लागते. वर सांगितलेली आट्यांची तीन मापे येथे एकावर येतात : दोन आकड्यांमधील अंतर. जर्मन पद्धतीत 'सी' आकाराच्या तोंडात हे अंतर ६६ मिलिमीटर असते, आणि ४२ व ५२ मिलिमीटर अशा दोन्ही व्यासांच्या नळ्यांस तेच तोंड चालते.

परंतु एकच माप जुळावयाचे असले, तरी ते जुळावे लागतेच. म्हणून श्टोर्त्सची युक्ती हाती असूनही जर्मनीत निरनिराळ्या प्रांतांच्या निरनिराळ्या जोडण्या पुढे पन्नास वर्षे चालू राहिल्या. १९३० नंतरच्या दशकात ही जोडणी देशभर सक्तीने एकरूप करण्यात आली, आणि २३ नोव्हेंबर १९३८ च्या कायद्याने सर्व अग्निशामक दले पोलिसांच्या अंमलाखाली गेली. हवाई युद्धाची तयारी करणाऱ्या हुकूमशाहीस जे एका दशकात साधले, ते अमेरिकेतील स्वायत्त नगरांस शतकात साधले नाही. ह्यावरून हुकूमशाहीची तरफदारी करण्याचे कारण नाही. तिच्या इतर करणीपुढे नळीच्या तोंडाची एकरूपता ही क्षुल्लक बाब आहे. पण इतिहासलेखकाने ही गैरसोयीची वस्तुस्थिती गाळूनही चालणार नाही.

ह्या दोहोंमधील उदाहरण ब्रिटनचे. तेथील जोडणी तिसऱ्या प्रकारची, खटक्याची आहे. नर तोंड गुळगुळीत असून त्याच्याभोवती एक कडा असते. मादी तोंडात स्प्रिंगवर बसविलेले दोन खटके असतात. नर आत ढकलला की खटके मागे सरून कडेमागे 'टक्' करून बसतात. फिरविण्याचे कारणच नाही. पाण्याचा दाब वाढेल तसा आतील रबर अधिकच घट्ट दाबला जातो, आणि दाब असेतो खटके ओढून सोडविणे कठीण, म्हणून चुकून निसटण्याची भीती थोडी. ह्या सोयीमुळेच तिला 'इन्स्टंटेनिअस' हे नाव पडले. मात्र नरमादीचा भेद तिच्यात कायम राहिला. त्यामुळे दुहेरी नर व दुहेरी मादी असे जोडतुकडे बंबावर बाळगावे लागतात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमध्ये सुमारे १,६०० स्वतंत्र दले होती व त्यांच्या जोडण्यांत मेळ नव्हता. युद्धाच्या छायेत सरकारने नव्या पंपांबरोबर अडीच इंची खटक्याची जोडणी पुरविण्यास सुरुवात केली. तरीही १९४०-४१ च्या बॉम्बहल्ल्यांत शेजारून मदतीस आलेल्या दलांची नळी स्थानिक तोंडास न बसण्याचे प्रसंग आलेच. ऑगस्ट १९४१ मध्ये सर्व दले मिळून एक राष्ट्रीय सेवा करण्यात आली आणि जोडणीचा प्रश्न त्या एकीकरणात जवळजवळ अनायासे सुटला. १९४८ मध्ये दले पुन्हा स्थानिक संस्थांकडे सोपविली गेली. जोडणी मात्र परत फुटली नाही. एकरूपता एकदा धातूत उतरली की तिला मोडणेही तितकेच खर्चाचे होते, असा ह्याचा अर्थ. अमेरिकेत ज्या जडत्वाने सुधारणा अडविली, त्याच जडत्वाने येथे ती राखली.

भारताने ही ब्रिटिश जोडणी वारशाने घेतली. भारतीय मानक क्रमांक ९०३ मध्ये तिचे वर्णन आहे, आणि मुंबई-पुण्यातील कोणत्याही उंच इमारतीच्या जिन्यात लाल रंगाच्या उभ्या नळास लागून ती पाहावयास मिळते : साखळीने बांधलेले झाकण, आणि दोन बाजूंस बाहेर आलेले खटके. इमारत कोणत्याही शहरातील असो, बंब आला की त्याची नळी तेथे बसते. ह्या तोंडाचे अधिकृत माप आता ६३ मिलिमीटर असे लिहितात. दशमान पद्धतीत असा आकडा कोणी आपण होऊन निवडला नसता. १९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापे आली तेव्हा कागदावरील अंक बदलले. गनमेटलचे तोंड मात्र अडीच इंचांचेच राहिले.