पाय घसरू नये म्हणून...

शिडाच्या जहाजांचा इतिहास म्हटलं की आपल्याला आठवतात शिडं, तोफा, होकायंत्र, फार तर वास्को द गामा. खलाशी ज्यावर दिवसरात्र वावरतो त्या डेकचं नाव कुणी काढत नाही. पण क्षणभर कल्पना करा: पायाखालची जमीन ओली आहे, तिरकी आहे, सतत हलते आहे आणि दोन पावलांवर समुद्र आहे. फ्रान्सचा एरिक ताबार्ली हा त्याच्या काळातला थोर दर्यावर्दी. जून १९९८ मध्ये वेल्सच्या किनाऱ्याजवळ रात्री शिडाचं काम करताना दांड्याचा फटका बसून तो स्वतःच्या बोटीवरून पाण्यात पडला आणि गेला. आख्खं आयुष्य समुद्रावर काढलेल्या माणसालाही तोल एकदाच जाऊन पुरतो. म्हणून डेकचा खरखरीतपणा ही शोभेची बाब नाही, आणि तो टिकवायची धडपडही बरीच जुनी आहे.

सुरुवात लाकडापासून. लाकडी फळ्यांवर अनवाणी पाय बऱ्यापैकी धरून राहतो. फळ्यांमधल्या फटीत जुने दोर उसवून काढलेले धागे ठोकायचे, वर डांबर ओतायचं, की डेक तयार. पण त्यावर शेवाळ, तेल, चरबी साचली की तोच डेक साबणासारखा होतो. यावर ब्रिटिश आरमाराचा उपाय म्हणजे 'होलीस्टोन'. मऊ वालुकाश्माचा दगड, समुद्राचं पाणी, वाळू, आणि गुडघ्यांवर बसलेली खलाश्यांची रांग. रोज सकाळी घासा! मोठ्या दगडाला खलाशी 'बायबल' म्हणत आणि कोपऱ्यात जाणाऱ्या छोट्याला 'प्रार्थनेचं पुस्तक'. (टोपणनावं ठेवण्यात खलाश्यांचा हात कोण धरणार?) लढाईच्या आधी तोफांच्या मजल्यावर ओली वाळू पसरत. रक्त सांडलं तरी तोफवाल्यांचे पाय घसरू नयेत हा त्यामागचा एक हेतू.

आता इथे मुंबई येते. इंग्लंडात जहाजांसाठी ओक कमी पडू लागला तेव्हा ब्रिटिशांचं लक्ष आपल्या सागवानाकडे गेलं. साग तेलकट, सहसा न कुजणारा, आणि ओला झाला तरी पायाला पकड देणारा. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने त्यातून एकाहून एक जहाजं बांधली. जमशेटजी बोमनजी वाडियांचं 'त्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरलं. ते इंग्लंडात हार्टलपूल इथे आजही तरंगतं आहे. म्हणजे दोनशे वर्षं उलटून गेली!

पण दगडाने रोज घासल्यावर फळी झिजणारच. १९३१ साली अमेरिकन आरमाराला आपल्या नियमांत लिहावं लागलं की होलीस्टोनने डेक भराभर झिजतात, तेव्हा त्याचा अतिवापर टाळा. गंमत बघा, जे काम डेकची निगा म्हणून चाललं होतं तेच डेकला खात होतं.

हीच गोष्ट पुढे पुन्हा घडली. छोट्या बोटींना सागवान परवडत नसे, म्हणून साध्या फळ्यांवर कॅनव्हास ताणून त्यावर रंग देत. कापडाच्या विणीमुळे पकड मिळायची. पण दर वर्षी रंगाचा नवा हात दिला की वीण थोडी बुजायची. काही वर्षांनी डेक दिसायला झकास आणि चालायला गुळगुळीत! मग कुणीतरी ओल्या रंगावर वाळू भुरभुरवली. जहाजांवरची जुनी वाळू अशी रंगाच्या डब्यात आली.

तिसरा अंक फायबरग्लासचा. १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये 'पिअर्सन ट्रायटन' ही २८ फुटी बोट आली आणि मध्यमवर्गीयांसाठी फायबरग्लासच्या शिडाच्या बोटींचं युग जोरात सुरू झालं. यात डेक साच्यातून निघतो. साच्यातच बारीक चौकटींची नक्षी कोरलेली असते, ती डेकवर उमटते. अगदी फॅक्टरी सेटिंग म्हणा ना! पण ही नक्षी असते जेलकोट नावाच्या अत्यंत पातळ थरात. वीस-तीस वर्षं ऊन आणि पावलं सोसून ती घासली जाते, आणि साचा काही घरी नसतो. मग मालकाला गुडघ्यांवर बसावंच लागतं, त्या जुन्या खलाश्यांसारखं.

कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी डेकवरची खिळणी, कड्या शक्य तितक्या काढायच्या. मग सॉल्व्हंटने मेण आणि तेल पुसायचं, आणि ते घासण्याच्या *आधी*. नाहीतर पॉलिश पेपर तेच मेण पृष्ठभागात रगडतो आणि नवा रंग सोलून निघतो. नक्षीच्या खाचांत पेपर पोचत नाही, तिथे ब्रश लागतो. भेगा इपॉक्सीने भरायच्या, प्रायमर द्यायचा. मग चिकटपट्टी लावून डेकचे तुकडे पाडायचे, मध्ये गुळगुळीत पट्टे सोडून. त्या पट्ट्यांतून पाणी वाहून जातं आणि कड्या नीट बसतात.

खरखर आणायच्या तऱ्हा मुख्यतः तीन. ओल्या रंगावर वाळू किंवा प्लास्टिकचे बारीक कण भरपूर पेरायचे, वाळल्यावर सुटे कण झाडायचे आणि वरून रंगाने बंद करायचे. किंवा कण रंगातच कालवायचे, पण ते तळाशी बसतात म्हणून सतत ढवळत राहायचं. किंवा घट्ट रंग जाड रोलरने ओढून त्यालाच टोकं काढायची. काही जण तर ओल्या इपॉक्सीवर मीठ पेरतात आणि सुकल्यावर पाण्याने धुऊन टाकतात, मागे नुसते खड्डे उरतात! रंग शक्यतो फिका घ्यायचा, पण पांढराशुभ्र नको. गडद रंगावर पाय भाजतात, पांढऱ्यावर डोळे दिपतात.

यात नेमका किती खरखरीतपणा हवा हा खरा वाद आहे. जास्त झाला तर गुडघे सोलतात, कपडे फाटतात, मळ अडकतो. कमी झाला तर... ते सुरुवातीलाच सांगितलं.

'सुहैली'चा उल्लेख केल्याशिवाय हा विषय संपवता येत नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ही ३२ फुटी सागवानी बोट १९६४ साली आपल्या मुंबईतच पाण्यात उतरली. १४ जून १९६८ ला तो एकटा फालमथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता जगाला वळसा घालून परतला. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी पूर्ण करणारा तो एकटाच. एकट्या माणसाचा पाय घसरला तर बोट त्याला मागे सोडून पुढे जाते, वळवायला कुणी नसतं. त्या ३१२ दिवसांत तो किती वेळा डेकवर पुढे गेला असेल आणि मागे आला असेल याची नोंद कुठल्या विक्रमात नाही. पण तो विक्रम उभा आहे त्या साध्या पावलांवरच.

आणि हो, हा खरखरीतपणा कायमचा कधीच नसतो. दगड असो, रंगाचा हात असो की पॉलिश पेपर, प्रत्येक निगेत डेकचा थोडा अंश जातोच. म्हणून दर काही वर्षांनी कुणीतरी पुन्हा गुडघ्यांवर बसतो.