आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक कायदा व प्रवासी हक्क

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक कायदा हा राष्ट्राराष्ट्रांतील करार, त्यांवर आधारलेले त्या त्या देशाचे अधिनियम आणि न्यायनिर्णय यांचा मिळून बनलेला कायदा होय. त्याच्या एका शाखेत आकाशावरील सार्वभौमत्व व उड्डाणसुरक्षा यांचा, तर दुसरीत विमान कंपनीच्या प्रवाशाप्रती असलेल्या दायित्वाचा विचार होतो. दुसऱ्या शाखेचा इतिहास मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरतो : भरपाई किती, आणि दाद कोठे मागावयाची. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या नियमित प्रवासी विमानसेवा नसलेल्या जिल्ह्यातील रहिवाशाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

पूर्वपीठिका

प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व असते, हे तत्त्व १९१९ च्या पॅरिस करारात मान्य झाले व ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारात कायम राहिले. भारत शिकागो कराराच्या मूळ स्वाक्षरीकर्त्यांपैकी एक आहे. मात्र प्रवाशाच्या भरपाईविषयी हा करार मौन पाळतो. ते काम १९२९ च्या वॉर्सा कराराने आधीच केले होते. त्यात कंपनीचा दोष गृहीत धरण्यात आला, म्हणजे तो सिद्ध करण्याचा भार प्रवाशावर राहिला नाही. मोबदल्यात भरपाईला १,२५,००० सुवर्ण फ्रँकची कमाल मर्यादा पडली. १९५५ च्या हेग मसुद्याने ती दुप्पट केली. भारतात हे नियम अनुक्रमे १९३४ च्या व १९७२ च्या हवाई वाहतूक अधिनियमांद्वारे लागू झाले.

बाल्यावस्थेतील व्यवसायाला दिलेले हे संरक्षण व्यवसाय प्रौढ झाल्यावरही दीर्घकाळ टिकले. १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळून २१३ जण मृत्युमुखी पडले. याप्रकरणी विमान व त्यातील उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत दावे चालले. सिएटल येथील न्यायालयाने नोव्हेंबर १९८५ मध्ये ते फेटाळले.

मॉन्ट्रियल करार

२८ मे १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने जुनी चौकट बदलली. मृत्यू वा शारीरिक इजा झाल्यास १,००,००० विशेष आहरण अधिकारांपर्यंत (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) सिद्ध झालेल्या हानीची जबाबदारी कंपनीला दोष नसल्याच्या सबबीवर टाळता येत नाही. त्यापुढील रकमेसाठी आपला निष्काळजीपणा नव्हता हे कंपनीने सिद्ध करावयाचे असते. ही मर्यादा वेळोवेळी वाढवली जाते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१,८८० आहे. अशा दाव्यांसाठी प्रवाशाच्या कायम निवासाच्या देशातही, तेथे कंपनीची सेवा असल्यास, दाद मागण्याची सोय झाली. भारतासाठी हा करार ३० जून २००९ रोजी अमलात आला.

वर्ष उलटण्याआधीच, २२ मे २०१० रोजी, दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूर येथे कोसळले व १५८ जणांचा मृत्यू झाला. प्रत्येक मृतामागे १,००,००० एककांची रक्कम किमान म्हणून देय आहे, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २०११ मध्ये दिला. खंडपीठाने तो त्याच वर्षी रद्द करून प्रत्यक्ष हानी दाखवणे आवश्यक ठरवले. याच दुर्घटनेतील एका कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सुमारे ७.६४ कोटी रुपये मंजूर केले. ते प्रकरण दिवाणी न्यायालयातून नव्हे, तर राष्ट्रीय ग्राहक आयोगातून वर गेले होते, ही बाब विशेष लक्षणीय आहे. ग्राहक मंचांना हवाई वाहतूक अधिनियमाखालील दावे ऐकता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ट्रान्स मेडिटरेनियन एअरवेज प्रकरणात स्पष्ट केले होते.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

धाराशिव येथे धावपट्टी आहे, परंतु परदेशी जाणाऱ्या येथील विद्यार्थ्याला वा नोकरदाराला मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. तक्रारीसाठी मात्र त्याच शहरी जावे लागत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तिकिटाची किंमत बहुधा याच मर्यादेत बसते. सामान किंवा विलंबाच्या दाव्यास मॉन्ट्रियल करारातील निवासाचा आधार मिळत नाही, पण भारतातून काढलेल्या परतीच्या तिकिटाचे अंतिम गंतव्य भारतच मानले जात असल्याने त्याची दादही भारतात मागता येते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ऑगस्ट २०१० पासूनचे नियम लहान तक्रारींसाठी अधिक उपयोगी पडतात. वैध तिकीट असूनही जागा नाकारल्यास आणि पर्यायी विमान २४ तासांत मिळाल्यास मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये देय होतात. पर्याय त्याहून उशिरा मिळाल्यास चौपट, कमाल २०,००० रुपये. वादळ, संप यांसारख्या कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांनी उड्डाण रद्द झाल्यास भरपाई मिळत नाही.

मुदतींबाबत कायदा कठोर आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात नोंदवलेल्या सामानाची मोडतोड झाल्यास ७ दिवसांत आणि ते उशिरा मिळाल्यास हाती आल्यापासून २१ दिवसांत कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. विमान पोहोचल्यापासून २ वर्षांत दावा दाखल न केल्यास भरपाईचा हक्कच नष्ट होतो.