मुस्तफाच्या दांडीची वंशावळ

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत तामलवाडी लागते. या भागात ज्यांचं शाळकरी वय नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना ‘मुस्तफा’ कोण हे सांगावं लागत नाही. जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1993 मध्ये काढलेल्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ या खेळातला हा एक गडी. त्याच्यावर आपला इतका जीव, की खेळाचं मूळ नाव मागे पडलं आणि साऱ्या गेमलाच मुस्तफा म्हणू लागले. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणं टाकून ज्या दांडीने, म्हणजे जॉयस्टिकने, आपण त्याला पळवलं, तिची वंशावळ मात्र खेळापासून सुरू होत नाही.

तिचा माग काढत आपण फ्रान्समध्ये पोहोचतो. आरंभीच्या विमानांत चाकं, तरफा, दोऱ्या यांची गर्दी असे. रोबेर एस्नो-पेलतेरी या अभियंत्याने 1907 च्या सुमारास विमानाचा तोल एका उभ्या दांडीवर आणला आणि लुई ब्लेरिओने 1908 च्या आपल्या आठव्या विमानात हात दांडीवर, पाय सुकाणूवर ही मांडणी रूढ केली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान जुहूला उतरवलं, तेव्हा त्यांच्या हातात याच घराण्यातली दांडी होती. त्याआधीच 1926 मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या सी. बी. मिरिक यांना विजेवर चालणाऱ्या दांडीचं पेटंट मिळालं. हात इथे आणि हलणारी वस्तू दूर, ही कल्पना तिथे पक्की झाली. तिचा भीषण उपयोगही लवकरच झाला. 9 सप्टेंबर 1943 रोजी जर्मन वैमानिकांनी रेडिओवरून वळवलेल्या बॉम्बने ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका बुडवली. बाराशेहून अधिक माणसं गेली. बॉम्ब वळवणाऱ्याच्या हातात अशीच छोटी दांडी होती.

पुढे ती करमणुकीत आली. 1969 मध्ये सेगाच्या ‘मिसाईल’ या खेळात ती दिसते, 1973 मध्ये टायटोच्या ‘अ‍ॅस्ट्रो रेस’मध्ये चार दिशांची होते. 1980 च्या पॅकमॅनला चारच दिशा पुरतात. 1991 च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ला आठ लागतात. जुनी मशीन दुरुस्त करणाऱ्याने हा फरक आधी ओळखावा. आठ दिशांची दांडी पॅकमॅनला बसवली, तर ती वळणावर तिरकी जाते आणि पॅकमॅन भिंतीशी अडतो. दांडीखालच्या चौकोनी पट्टीला 45 अंशांत फिरवून बसवलं की तिरक्या दिशा बंद होतात. ज्या दांडीला ही सोय आहे, तिचं काम तेवढ्यात भागतं.

आता दांडी उलटी करून पाहू. जुन्या घडणीत धातूच्या पात्यांचे खटके असतात. दांडी कलली की एक पाती दुसरीला टेकते, आवाज होत नाही. पात्यांच्या टोकांवर काजळी धरली की मुस्तफा एका बाजूला चालेनासा होतो. अशा वेळी साध्या कागदाची पट्टी पात्यांमध्ये धरून ओढावी. पॉलिश पेपर लावू नये, टोकांचा मुलामा निघतो. मग बारीक पकडीने पाती किंचित वाकवून फट पुन्हा साधावी. नंतरच्या घडणीत टकटक वाजणारे मायक्रोस्विच आले. ते बिघडले की सरळ बदलायचे. अख्खी दांडीच बदलायची तर जपानी सानवा कंपनीची दांडी गोल मुठीची, हलकी, बोटांनी फिरते. सेइमित्सूची त्याहून घट्ट, कमी अंतरात खटका देते. अमेरिकी हॅपची उंच आणि कडक, ती मुठीत धरून दाबावी लागते. भांडणाच्या खेळात सानवा सरस, हे मान्य. पण पातीवर घडलेल्या जुन्या मशीनमध्ये ती बसवली की हात बिचकतो, कारण तो खेळ त्या मऊ, मुक्या स्पर्शावर बेतलेला असतो. माझ्या मते जुना सांगाडा ठेवावा, झिजलेली स्प्रिंग आणि खटके तेवढे बदलावेत.

आता ही मशीन जिथे असत, त्या पार्लरकडे येऊ. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिवानी खटल्यात व्हिडिओ गेम पार्लरला परवान्याची सक्ती उचलून धरली. पुढे घरचा संगणक आणि मोबाईल आला आणि पार्लर ओस पडले. कुणाच्या गोदामात अजून असं मशीन पडून असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी खालचं दार उघडून दांडीचे खटके पाती आहेत की मायक्रोस्विच, एवढं जरूर पाहा.