पावरी-नृत्यसंगीत, खानदेशातील

सातपुडा व सह्याद्रीच्या परिसरातील कोकणा, भिल्ल, मावची इ. आदिवासींच्या पावरी या सुषिरवाद्याच्या चालींवर आधारलेले, आता मुख्यतः इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर वाजविले जाणारे नृत्यसंगीत. मूळ पावरी भोपळा व बांबूच्या नळ्यांची करतात. तिच्या टोकाला शिंगासारखा कर्णा असतो. साक्री तालुक्याचा पश्चिम भाग व लगतचा नासिक जिल्हा येथे मार्गशीर्षात होणाऱ्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरीच्या सुरांवर फेर धरला जातो. एकच लहान चाल शब्दांवाचून दीर्घकाळ घोळविली जाते. तिची लांबी नाचणाऱ्यांच्या दमावर ठरते.

धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील लग्नांत या चाली प्रथम बँडवाल्यांनी उचलल्या व पुढे कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि वाहनावर रचलेले ध्वनिक्षेपक यांच्याकडे त्या गेल्या. नवापूर व गुजरातच्या सीमाभागातील रोडाली संगीत याच कुळातले. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १९८० च्या दशकात हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन यांनी घडविलेल्या टेक्नोशी याचे साम्य लक्षणीय आहे, पण संबंध नाही. दोहोंत शब्दांपेक्षा ठेक्याची पुनरावृत्ती महत्त्वाची असते. टेक्नोच्या ध्वनिमुद्रिका एकीला दुसरी जोडून वाजविता याव्यात अशाच घडविल्या जात. कोणती केव्हा लावावयाची, हे समोरच्या गर्दीवर अवलंबून असे.

हाच विवेक खानदेशी वादकालाही लागतो. हळदीच्या मांडवात म्हाताऱ्याकोताऱ्या व मुले नाचतात. तेथे ठेका सावकाश हवा. वरात चालती असते. चाल फार रंगली, तर ती चौकातच अडते आणि मुहूर्त टळतो. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत स्त्रियांच्या फुगड्यांना जागा ठेवावी लागते. पाड्यावरच्या मोकळ्या जागेत मात्र फेर मोठा होतो व तीच चाल न बदलता पुष्कळ वेळ चालते. भिंतींनी वेढलेल्या गल्लीत खर्ज घुमतो व ठेका अस्पष्ट होतो. आवाज वाढविणे हा त्यावरील उपाय नव्हे, हे अनेकांना उमगत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावरील ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घातल्याने वरातीची रचनाही आखडली.

कीबोर्डवर पावरीचा सूर हुबेहूब निघतो, परंतु वादकाच्या श्वासामुळे चालीला येणारा किंचित हेलकावा त्यात राहत नाही. डोंगऱ्यादेवापुढे अद्याप भोपळ्याचीच पावरी लागते.