भुताळीच्या आरोपाने कोणाची पत वाचते?

ठाण्याचा इतिहास म्हटला की बंदर, किल्ला, पोर्तुगीज, मराठे आणि १८५३ची बोरीबंदर-ठाणे आगगाडी ओघाने येतात. कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागले की तासाभरात जे पाडे सुरू होतात, तिथला एक इतिहास मात्र या मांडणीत बसत नाही. गावातल्याच एखाद्या बाईला, क्वचित पुरुषाला, भुताळी ठरवून मारहाण करण्याचा, वाळीत टाकण्याचा, प्रसंगी जीव घेण्याचा तो इतिहास आहे आणि तो संपलेला नाही. मार्च २०२४मध्ये मुरबाड तालुक्यात सत्तरी ओलांडलेल्या एका वृद्धाला जादूटोण्याच्या संशयावरून घरातून ओढून नेले आणि निखाऱ्यांवर नाचवले. असे काही वाचले की शहरात आपण ‘अडाणीपणा’ म्हणतो आणि पान उलटतो. हे उत्तर मला अपुरे वाटते. भुताखेतांवरचा विश्वास पाड्यात सगळ्यांचाच असतो, मग आरोप याच माणसावर का, आणि याच वेळी का? माझे म्हणणे असे, की श्रद्धा या आरोपाला भाषा पुरवते, पण तो उभा राहतो तो कोणाची तरी पत जाण्याच्या बेतात असते तेव्हा. ज्याच्याकडे लोक उपाय मागायला गेले आणि ज्याला तो देता आला नाही, त्याची अब्रू या आरोपाने वाचते.

आरोप घडतो कसा ते जवळून पाहिले पाहिजे. वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वस्त्यांत भगत हा वैद्यही असतो आणि देवाचा माणूसही. ताप हटत नाही, लेकरू दगावते, गुरे मरतात, तेव्हा घरचे त्याच्याकडे जातात. तो तांदळाचे दाणे टाकून त्यांची मांडणी पाहतो, अंगात वारे आले की बोलतो. त्याचे झाडपाल्याचे ज्ञान खरे असते, अनेकदा गुण येतोही, म्हणून त्याला मान असतो. पण गुण आला नाही तर? आधी एखादा देव नाराज असतो आणि कोंबडे पडते. तरीही दुखणे हटत नाही आणि लोक पुन्हा दारात येतात, तेव्हा भगतापुढे दोनच वाटा उरतात. आपली विद्या इथे चालली नाही असे म्हणायचे, किंवा विद्येच्या आड कोणीतरी येते आहे असे म्हणायचे. पहिली वाट त्याचा मान घेऊन जाते, दुसरी तो वाढवते. नाव पुष्कळदा तो स्वतः घेत नाही. ‘जवळचीच आहे’ एवढे सुचवतो आणि उरलेले काम गावाची आठवण करते. मग निपुत्रिक विधवा सापडते, भांडकुदळ म्हणून ठरून गेलेली सापडते, उसने मागून नाही म्हटल्यावर दारात बडबडून गेलेली सापडते. वारल्यांत लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे या समाजात बाईला मान नाही असे मुळीच नाही. ज्या बाईच्या बाजूने उभे राहणारे कोणी नाही, ती या आरोपाला सापडते.

हा दोष जंगलाचा किंवा निरक्षरतेचा नाही, हे पाहायला अमेरिकेतल्या सेलमकडे वळावे लागते. १६९२मध्ये तिथे चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली आणि एका वृद्धाला दगडांखाली चिरडून मारले. ही माणसे वाचती-लिहिती, बायबल घरोघरी असलेली प्युरिटन होती. आरोपांचा उगम धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस याच्या घरात झाला. त्याच्या मुलीला आणि पुतणीवजा मुलीला झटके येऊ लागले, आणि वैद्याला निदान सापडेना तेव्हा दुष्ट शक्तीचे नाव निघाले. त्याआधी काही महिने गावाने पॅरिसचा पगार अडवला होता. बॉयर आणि निसेनबॉम या इतिहासकारांनी १९७४मध्ये दाखवून दिले, की पॅरिसला पाठिंबा देणारे पटनम घराणे आणि त्याच्या विरोधातली घराणी ही फूट आरोप करणारे आणि आरोपी यांच्यातही बरीचशी उतरली होती. तरीही माझ्या दृष्टीने सेलमची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथल्या शेवटात आहे. आरोपीची छाया आपल्याला छळते, हा पुरावा न्यायालय ग्राह्य धरत होते. आरोप थोरामोठ्यांच्या घरांपर्यंत, खुद्द गव्हर्नर फिप्सच्या बायकोपर्यंत पोचले. ऑक्टोबर १६९२मध्ये त्याने ते न्यायालय मोडले. १६९३मध्ये नव्या न्यायालयाने छायेचा पुरावा नाकारला आणि त्यानंतर कोणीही फासावर गेले नाही. लोक तेच होते, त्यांचा विश्वासही तोच होता. पुरावा कशाला म्हणायचे, एवढेच बदलले.

आपल्याकडे सत्तेने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. कल्याण मराठ्यांच्या सुभ्याचे ठिकाण होते आणि ठाणे १७३७मध्ये त्यांच्या हाती आले. पेशव्यांच्या रोजनिशीवर लिहिताना न्यायमूर्ती रानड्यांनी नोंदवले आहे, की चेटूक हा शिक्षेस पात्र गुन्हा मानला जाई आणि तो शोधून काढायला माणसे नेमली जात. त्या राज्यात गुन्हेगारी म्हणजे दंडाची रक्कम, आणि ती महसुलाची एक बाबच होती. चेटूक खरे मानणारे सरकार, ते शोधणारा नोकर आणि दंडातून भरणारी तिजोरी एका जागी आली, की कोणताही तपास निर्दोष ठरवण्याच्या दिशेने सहसा जात नाही. सेलममध्येही कैद्यांकडून तुरुंगाचा खर्च वसूल होत होता आणि शेरीफ मालमत्ता जप्त करत होता. इंग्रजी अमलात हे उलटले. १८६०च्या दंडसंहितेत चेटूक हा गुन्हाच नव्हता आणि चेटकीण म्हणून मारणे हा सरळ खून होता. पण ठाण्याच्या न्यायालयात पोचायचे ते प्रेत. त्याआधीचा ताप, तांदूळ आणि भगताची सूचना पाड्यातच राहायची.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की हा सगळा शहरी माणसाचा हिशेबीपणा झाला. आदिवासीचे भय खरे असते. खरेच असते. डांगच्या भिल्लांविषयी १९९७मध्ये लिहिताना अजय स्कारिया यांनी लेखाच्या शीर्षकातच या हिंसेला अकारण म्हटले, ते उगीच नव्हे. मात्र भय खरे असणे आणि त्यात कोणाचा लाभ असणे यांत विरोध नाही. भगतही स्वतःच्या शब्दावर विश्वास ठेवतो. आपली पत वाचवणारी गोष्ट माणसाला खरी वाटायला वेळ लागत नाही. दुसरा आक्षेप जमिनीचा. झारखंडमध्ये विधवेच्या हयातीपुरत्या जमीनहक्कावर दिरा-पुतण्यांचा डोळा असतो आणि त्यातून डाकीण ठरवली जाते, असे गोविंद केळकर आणि देव नाथन यांनी दाखवले. ठाण्यातल्या वारल्याकडे जमीन होती कुठे? ती सावकाराकडे होती. सिमिंग्टन यांच्या १९३८च्या सरकारी चौकशीत इथल्या वेठीचे आणि कर्जाच्या गुलामीचे वर्णन आहे. हा आक्षेप मला मान्य आहे; झारखंडचे उत्तर इथे जसेच्या तसे लागू होत नाही. इथला लाभ जमिनीपेक्षा अब्रूचा होता, आणि तो भगतापुरताही नव्हता. लेकरू उपाशी आणि आजारी का, याचे उत्तर शेजारणीच्या नजरेत सापडले, की ते सावकाराच्या वहीत शोधावे लागत नाही. म्हणून जानेवारी १९४५मध्ये कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला भरलेली किसान सभेची परिषद मला या विषयाशी थेट जोडलेली वाटते. उंबरगाव भागातून पंधरा-एक वारली तिथे आले आणि पुढे सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. त्यामुळे भुताळीची भीती गेली नाही. पण हालांचे कारण म्हणून पाड्याने प्रथमच अशा माणसाचे नाव उघड घेतले, ज्याच्या पाठीशी पोलीस उभे होते.

दवाखाने झाले की हे आपोआप थांबेल, असेही म्हटले जाते. थोडेफार थांबेलही, कारण अपयशी उपचारांची संख्याच घटेल. परंतु मुरबाडला आज दवाखाना आहे, रस्ता आहे, मोबाइल आहे, आणि २०२४ची घटनाही आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी, धर्मावर घाला येईल या आरडाओरड्यात वर्षानुवर्षे अडकलेला तो कायदा राज्यात आला. त्याने पेशवाईची दिशा पुरती फिरवली. एखाद्यावर करणीचा ठपका ठेवणे हाच आता दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे आणि त्याला ६ महिने ते ७ वर्षे कैद आहे. मारणाऱ्यांच्या आधी बोलणारा कोण, हे शोधण्याची मुभा तपासाला प्रथमच मिळाली. ती वापरली गेली तरच भगताची सूचना पाड्याबाहेर न्यायालयात येईल. अब्रू परत देण्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. सेलम ज्यात येते त्या मॅसॅच्युसेट्समध्ये १७११ साली वारसांना भरपाई मिळाली, आणि शिक्षा झालेल्यांपैकी उरलेल्या शेवटच्या बाईचे नाव २०२२मध्ये कायद्याने निर्दोष झाले. तिथे रद्द करायला निकाल तरी होता. पाड्याचा निकाल कुठे लिहिलेलाच नसतो. आपल्या कायद्यात याला जवळ जाणारी एक तरतूद आहे: दोषी ठरलेल्याचे नाव आणि पत्ता स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. मुरबाड-शहापूरच्या प्रत्येक खटल्यात ती मागितली गेली पाहिजे, आणि तो मजकूर जिथे ठपका ठेवला गेला त्याच गावच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचला गेला पाहिजे.