कोकरांचे पुष्टीकरण आणि पूरक खाद्ये

कोकरांचे पुष्टीकरण : आईपासून तोडलेल्या कोकरांना विक्रीपूर्वी काही काळ बांधून, चांगल्या खुराकावर ठेवून त्यांचे वजन आणि मांस वाढविण्याची पद्धत. हा काळ साधारणपणे तिसऱ्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचा असतो. चारा व खुराक यांच्या जोडीला या काळात प्रथिने, ऊर्जा, खनिजे, जीवनसत्त्वे किंवा पचनाला मदत करणारी द्रव्ये दिली जातात. त्यांना पूरक खाद्ये म्हणतात. पूरक खाद्याचे काम आहारातील उणीव भरून काढण्याचे आहे. उणीव नसेल तेथे दिलेला पैसा लेंडीतून बाहेर पडतो आणि तांब्यासारख्या खनिजाच्या बाबतीत तर कोकराच्या जिवावर बेतते. त्यामुळे नेमकी कोणती उणीव आहे, हे ओळखणे पुष्टीकरणात सर्वांत महत्त्वाचे ठरते.

वाढीचा क्रम : कोकराच्या शरीरात आधी हाडे, मग स्नायू आणि शेवटी चरबी अशा क्रमाने वाढीचा जोर येतो. स्नायूंमध्ये पाण्याचा अंश बराच असल्याने एक किलो स्नायू तयार होण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या कित्येक पट ऊर्जा एक किलो चरबीला लागते. म्हणूनच वय वाढते तसे वजनवाढीमागे लागणारे खाद्यही वाढत जाते. नर कोकरे सर्वांत वेगाने व कमी चरबीने वाढतात, खच्ची केलेली त्यांच्या मागोमाग येतात आणि माद्या लवकर चरबी धरतात. उन्हाळ्यात उपासमार सोसलेल्या कोकराला पुरेसे खाद्य मिळू लागले, की ते काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त वेगाने वाढते. या भरपाई-वाढीचा फायदा घ्यायचा, तर त्याच आठवड्यांत प्रथिने कमी पडू देता कामा नयेत.

महाराष्ट्रातील दख्खनी जातीच्या, निव्वळ चराईवरील कोकराची रोजची वजनवाढ ऋतूनुसार कमीजास्त होते आणि बहुधा 100 ग्रॅमच्या आतच राहते. संतुलित खुराकावर ती 100 ते 150 ग्रॅमपर्यंत नेता येते. रोज 120 ग्रॅम धरल्यास 90 दिवसांत 10.8 किलो वजन वाढते. एक किलो वाढीस सात किलो शुष्क खाद्य लागले, तर एका कोकरामागे सुमारे 75 किलो खाद्याची तजवीज करावी लागते. पुष्टीकरण परवडते की नाही, याचा पहिला हिशेब या आकड्यांवर होतो.

मूळ खुराक : पूरक खाद्याचा उपयोग मूळ आहार भक्कम असेल तरच दिसतो. पुष्टीकरणाच्या आहारात खुराक व चारा निम्मे-निम्मे किंवा 60:40 या प्रमाणात ठेवतात आणि एकूण आहारात 14 ते 16 टक्के प्रथिने असावीत, असे धरतात. महाराष्ट्रात खुराकासाठी मका किंवा ज्वारीचा भरडा, गव्हाचा कोंडा, तूर व हरभऱ्याची चुणी, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, करडी पेंड आणि सोयापेंड वापरतात. चाऱ्यात कडबा, हरभऱ्याचे व तुरीचे भुसकट, लसूणघास, शेवरी, सुबाभूळ आणि बाभळीच्या शेंगा येतात.

यांतील काही पदार्थांना मर्यादा आहेत. शेंगदाणा पेंड ओलसर जागी ठेवल्यास तिच्यावर बुरशी येऊन अफलाटॉक्सिन हे विष तयार होते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंनी मेले, तेव्हा अशाच बुरशी आलेल्या भुईमूग पेंडीतून या विषाचा शोध लागला. सरकी पेंडेतील गॉसिपॉल मोठी जनावरे बऱ्याच अंशी पचवतात, लहान कोकरांना ते बाधते. सुबाभळीतील मिमोसिनमुळे लोकर गळते व गलग्रंथी सुजते, म्हणून तिचा पाला आहाराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त देत नाहीत. हवाईतील शेळ्यांना हा त्रास होत नाही, हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या लक्षात आले. मिमोसिनपासून बनणाऱ्या विषारी द्रव्याचा नाश करणारे जिवाणू त्या शेळ्यांच्या पोटात सापडले आणि त्यांतील एकाला जोन्स यांच्या नावावरून सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव देण्यात आले.

प्रथिनपूरके : मेंढीच्या कोटीपोटातील, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातील, सूक्ष्मजीव साध्या नत्रापासूनही प्रथिने बनवतात. युरियात 46 टक्के नत्र असल्याने तो स्वस्त पूरक ठरतो. मात्र खुराकात मका किंवा मळीसारखा लवकर पचणारा ऊर्जास्रोत नसेल, तर त्याचा अमोनिया रक्तात चढतो आणि कोकरू पोट फुगून, थरथरत, काही तासांत दगावते. युरिया एकूण शुष्क आहाराच्या एक टक्क्याच्या आत, नीट मिसळून आणि हळूहळू सवय लावूनच द्यावा लागतो. पाण्यात विरघळवून तो कधीही देऊ नये. कोटीपोट पुरते कार्यरत न झालेल्या लहान कोकरांना तो वर्ज्य आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आणंद येथे 1980 च्या दशकात पुढे आणलेली युरिया-मळी-खनिज चाटणवीट ही याच तत्त्वावर आधारलेली आहे. वीट कडक असल्याने जनावर ती सावकाश चाटते आणि युरिया थोडाथोडाच पोटात जातो.

वेगाने वाढणाऱ्या कोकराला सूक्ष्मजीवांनी बनवलेली प्रथिने पुरत नाहीत. अशा वेळी कोटीपोटात न मोडता पुढे चौथ्या पोटात व आतड्यात पचणारी, म्हणजे बायपास प्रथिने उपयोगी पडतात. या कल्पनेचा उगम लोकरीच्या संशोधनात आहे. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत 1960 च्या दशकात केसिन थेट चौथ्या पोटात सोडल्यावर लोकरीची वाढ वाढली आणि पुढे फॉर्माल्डिहाइडने प्रक्रिया केलेली प्रथिने तोंडाने देऊनही तसाच परिणाम मिळाला. सोयापेंड भाजून किंवा बाभळीच्या शेंगांतील टॅनिनसारख्या द्रव्याच्या माफक मिश्रणानेही काही प्रमाणात हे साधते. टॅनिन जास्त झाले, तर मात्र कोकरू खाद्य कमी खाते आणि प्रथिने न पचताच बाहेर पडतात.

ऊर्जापूरके आणि पचनाचा तोल : धान्याचा भरडा हे ऊर्जेचे मुख्य साधन आहे आणि पुष्टीकरणातील सर्वांत मोठा धोकाही त्यातच आहे. चाऱ्यावरच्या कोकराला एकदम धान्य दिले, की कोटीपोटात लॅक्टिक आम्ल साठते, आम्लता वाढते, रवंथ थांबते, हगवण लागते आणि जनावर आडवे होते. हे टाळण्यासाठी खुराक 10 ते 14 दिवसांत पायरीपायरीने वाढवतात. खुराकात एक ते दोन टक्के खाण्याचा सोडा मिसळल्याने आम्लता आटोक्यात राहते. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या जातीचे जिवंत यीस्ट लॅक्टिक आम्ल वापरणाऱ्या जिवाणूंना बळ देते. आहारात धान्य जास्त असताना आणि बदलाच्या काळात त्याचा लाभ अधिक दिसतो. भरपूर धान्य पचताना क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हे जिवाणू आतड्यात माजून आंत्रविषार होतो, त्यात कळपातील सर्वांत धष्टपुष्ट कोकरेच आधी मरतात. म्हणून पुष्टीकरण सुरू करण्यापूर्वी आंत्रविषाराची लस आणि जंतनाशक देणे, हे कोणत्याही पूरक खाद्याच्या आधी येते.

साधे तेल जास्त दिल्यास तंतुमय चाऱ्याचे पचन मंदावते. मेदाम्लांचे कॅल्शियम क्षार, म्हणजेच बायपास चरबी, कोटीपोटात फारशी विरघळत नाही आणि आतड्यात पचते. उन्हाळ्यात खाणे कमी झाले असता थोड्या खाद्यातून जास्त ऊर्जा देण्यासाठी ती वापरतात.

मोनेन्सिनसारखी आयनवाहक प्रतिजैविके कोटीपोटातील किण्वन प्रोपिऑनिक आम्लाच्या बाजूला वळवतात, मिथेन कमी करतात आणि त्याच खाद्यात वजनवाढ थोडी वाढवतात. त्यांची मात्रा सुरक्षित मर्यादेच्या अगदी जवळ असते. मिसळण्यात चूक झाल्यास मेंढ्या मरतात आणि घोड्यांना तर अल्प मात्राही घातक ठरते. वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात घालण्यावर युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून पूर्ण बंदी घातली.

खनिजे व जीवनसत्त्वे : पूरक खाद्याचा सर्वांत ठळक विजय खनिजांच्या इतिहासात दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या किनारी भागात हिरव्यागार कुरणावरही मेंढ्या खंगून मरत. 1935 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात मार्स्टन व लाइन्स यांनी आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवुड व फिल्मर यांनी याचे कारण कोबाल्टची उणीव असल्याचे दाखवले. कोटीपोटातील जिवाणूंना बी-12 जीवनसत्त्व बनवण्यासाठी कोबाल्ट लागते, हे कोडे त्या जीवनसत्त्वाचा शोध 1948 मध्ये लागल्यावर उलगडले. सेलेनियमच्या उणिवेने कोकरांचे स्नायू पांढरे पडून ती लंगडतात. सेलेनियम दिल्याने हा रोग टळतो, हे अमेरिकेतील ओरेगन येथे 1958 मध्ये सिद्ध झाले.

तांब्याची गोष्ट याच्या उलट आहे. गाईगुरांच्या मानाने मेंढी तांबे शरीराबाहेर टाकण्यात फार कमकुवत असते. ते यकृतात महिनोन्‌महिने साठत राहते आणि वाहतूक किंवा उपासमारीच्या ताणात एकदम रक्तात उतरते. मग लाल पेशी फुटतात, डोळे पिवळे पडतात, लघवी काळपट लाल होते आणि कोकरू वाचत नाही. युरोपीय संघाने मेंढ्यांच्या संपूर्ण खाद्यात तांब्याची मर्यादा दर किलोला 15 मिलिग्रॅम ठेवली आहे. गाई-म्हशींसाठी बनवलेले खनिज मिश्रण कोकरांना देणे, ही म्हणूनच अतिशय महागात पडणारी चूक आहे. पिशवीवर मेंढ्यांचा स्पष्ट उल्लेख असलेले मिश्रणच घ्यावे.

धान्य व कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी असते. हा तोल न सांभाळल्यास नर कोकरांत, विशेषतः लवकर खच्ची केलेल्यांत, मूतखडे होऊन लघवी अडते. कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण 2:1 ठेवणे, खुराकात चुनखडीची भुकटी व मीठ घालणे, अमोनियम क्लोराइड सुमारे अर्धा टक्का मिसळणे आणि दिवसभर स्वच्छ पाणी ठेवणे, हे उपाय आहेत. यांत पाण्याचे महत्त्व सर्वाधिक आहे.

मांसावरील परिणाम : पुष्टीकरणाने जिवंत वजनाच्या तुलनेत धडाचा उतारा वाढतो, कारण चाऱ्याने भरलेल्या पोटाचा वाटा कमी होतो आणि स्नायू व चरबी वाढतात. हा उतारा जात, वय आणि तोलण्यापूर्वीचा उपास यांनुसार बदलतो, म्हणून तुलना करताना या तीन गोष्टी सारख्या असाव्या लागतात.

आहाराची छाप चरबीवर सर्वांत स्पष्ट उमटते. धान्य फार दिलेल्या कोकरांत प्रोपिऑनिक आम्ल जास्त तयार होते, त्यातून शाखायुक्त मेदाम्ले बनतात आणि चरबी मऊ व तेलकट होते. मेंढीच्या मांसाचा खास वास 4-मिथिलऑक्टॅनॉइक यासारख्या मेदाम्लांशी निगडित आहे, असे न्यूझीलंडमधील शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात दाखवले. कुरणावर वाढलेल्या कोकरांच्या मांसाला स्कॅटोलमुळे वेगळा गंध येतो, पण त्यात ओमेगा-3 मेदाम्ले अधिक असतात. जवस खाऊ घातल्याने ती वाढवता येतात. कोटीपोटातील जिवाणू बरीचशी असंतृप्त मेदाम्ले संतृप्त करून टाकत असल्याने ही वाढ मर्यादित राहते. ई जीवनसत्त्व जास्त दिल्यास कापलेल्या मांसाचा तांबडा रंग अधिक काळ टिकतो आणि चरबी लवकर खवट होत नाही.

क्लेनब्युटेरॉलसारखी औषधे चरबी घटवून स्नायू वाढवतात, परंतु त्यांचा अंश यकृतात व मांसात उरतो. 1990 च्या सुमारास स्पेनमध्ये असे यकृत खाल्लेल्या लोकांना धडधड, कंप व डोकेदुखीचा त्रास झाला होता. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवावे लागणारे प्रतिजैविक आहे. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत ते वापरण्यावर भारताने 2019 मध्ये बंदी घातली. जे द्रव्य खाणाऱ्याच्या ताटात पोहोचते, ते कोकराचे वजन कितीही वाढवत असले, तरी पूरक खाद्य म्हणण्याच्या लायकीचे नाही.

महाराष्ट्रातील स्थिती : 2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे 7.43 कोटी मेंढ्या आहेत, त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे 27 लाख. दख्खनी ही येथील मुख्य जात असून सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी मोठ्या बांध्यामुळे मांसासाठी नावाजली जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळ मेंढीतील जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा ही मेंढी विकसित केली. जुळ्यांना आईचे दूध पुरत नाही, त्यामुळे या जातीत कोकरांना तोडण्याआधीपासूनच वेगळा खुराक देणे आवश्यक ठरते. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था बंदिस्त पुष्टीकरणावर दीर्घकाळ काम करत आली आहे.

राज्यातील बहुतेक मेंढ्या धनगर मेंढपाळांकडे असून कळप वर्षातील मोठा काळ वाटेवर असतो. अशा कळपाला संपूर्ण बंदिस्त पद्धत पेलत नाही. बकरी ईदसारख्या मागणीच्या आधी निवडक नर कोकरे वाड्यावर वेगळी ठेवून, दिवसा चराई व संध्याकाळी 150 ते 250 ग्रॅम खुराक देण्याची मिश्र पद्धत त्यांना सोयीची ठरते.

मूल्यमापन : कोणत्याही पूरक खाद्याची पारख करताना सारख्या वयाची, वजनाची व लिंगाची कोकरे दोन गटांत विभागून एका गटाला पूरक द्यावे, दुसऱ्याला नाही. दर पंधरवड्याला सकाळी उपाशीपोटी वजन घ्यावे आणि खाल्लेल्या खाद्याची नोंद ठेवावी. वाढलेल्या प्रत्येक किलोमागे आलेला जादा खर्च बाजारात मिळणाऱ्या जादा भावापेक्षा कमी असेल, तरच ते पूरक ठेवावे. मेंढपाळाकडे साधा ताणकाटा आणि वही असली, तरी ही चाचणी कोणत्याही वाड्यावर करता येते.