हस्तिदंती गोळ्यापासून औषधी चकतीपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत बिलियर्डचा खेळ इतका बोकाळला कीं, त्यापायीं दूर आफ्रिकेंतील व आशियांतील हत्तींवर गदा आली. ह्या खेळांतील गोळे त्या काळीं हस्तिदंताचे करीत. गोळा तोलांत सर्व बाजूंनीं सारखा भरावयाचा, तर तो सुळ्याच्या ऐन गाभ्यांतून कातावा लागे. त्यामुळें एका सुळ्यांत मोजकेच गोळे बसत, आणि तेहि हवा बदलली कीं वांकत किंवा तडकत. हस्तिदंत दिवसेंदिवस महाग होत चालला. तेव्हां न्यूयॉर्कच्या फेलन व कॉलेंडर ह्या बिलियर्डचें साहित्य बनविणाऱ्या पेढीनें १८६३ च्या सुमारास जाहीर केलें कीं, हस्तिदंताची जागा घेईल असा पदार्थ जो कोणी शोधून काढील, त्यास दहा हजार डॉलर बक्षीस मिळेल.

जॉन वेस्ली हायट हा ऑल्बनी शहरांतील छापखान्यांत खिळे जुळविणारा एक तरुण होता. रसायनशास्त्राचें रीतसर शिक्षण त्यास नव्हतें. होता तो हाताचा गुण आणि चिकाटी. कागदाचा लगदा, लाख इत्यादिकांचे गोळे त्यानें करून पाहिले, पण ते खेळाडूंच्या पसंतीस उतरले नाहींत. छापखान्यांतील कामकरी बोटांचें रक्षण व्हावें म्हणून त्यांवर कलोडियन नांवाचा चिकट द्राव लावीत. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून तो ईथर व मद्यार्क ह्यांच्या मिश्रणांत विरघळविला म्हणजे हा द्राव तयार होतो. एके दिवशीं बाटली कलंडून सांडलेला द्राव वाळला आणि नखासारखा कठीण पापुद्रा हायटच्या हातीं आला. हायटला वाट सांपडली ती येथें.

हा कलोडियन मूळचा शस्त्रवैद्यांच्या पेटींतला. १८४८ च्या सुमारास बोस्टन शहरीं जखमेवर पातळ पडदा धरविण्यासाठीं त्याचा उपयोग सुरू झाला होता, आणि पायाच्या कुरुपावर लावावयाच्या औषधांत तो आजहि असतो. पडदा कातडीस चिकटून राहतो आणि त्यांतील औषध जागच्या जागीं काम करतें. पुढें जें सांगावयाचें आहे, त्याचें बीज ह्या क्षुल्लक औषधांत आहे.

हायटनें आरंभीं गोळ्यांवर कलोडियनचा लेप दिला. परंतु नत्राम्लाची क्रिया झालेला कापूस म्हणजे तोफेच्या दारूचाच भाऊबंद! पेटती सिगार लागतांच गोळा भडकून उठे, आणि दोन गोळे जोरानें आदळले तर बंदुकीच्या टोपीसारखा बारीक आवाज होई. कोलोरॅडोंतील एका गुत्तेवाल्यानें हायटला कळविलें कीं, आवाजाची आपणांस फिकीर नाहीं, परंतु तो होतांच खोलींतील प्रत्येक इसम पिस्तूल उपसतो. ही गोष्ट हायट उतारवयांत स्वतः सांगत असे. तिखटमीठ किती, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

खरा शोध पुढचा. ह्या कापसांत कापूर मिसळून उष्णता व दाब दिला, तर हवा तो आकार घेणारा व थंड झाल्यावर घट्ट होणारा पदार्थ मिळतो, हें हायट व त्याचा बंधु आयझाया ह्यांनीं सिद्ध केलें आणि १८७० सालीं त्याचें पेटंट घेतलें. तोच सेल्युलॉइड. एका जाणत्यानें इशारा दिला होता कीं, उष्णता थोडी जास्त झाली तर कारखान्यासह तुम्ही उडून जाल. हायटनें दुसऱ्या दिवशीं दाबयंत्रापुढें जाड फळी उभी केली आणि तिच्या आड राहून मुद्दाम जास्त उष्णता दिली. धूर कोंडला, पण इमारत शाबूत राहिली आणि हायटहि.

ह्या यशांत एका इंग्रजाचा वांटा बुडाला. बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्सनें असाच पदार्थ १८६२ च्या लंडन प्रदर्शनांत मांडून पदक मिळविलें होतें. पण त्याचा माल टिकाऊ निघाला नाहीं व १८६८ सालीं कंपनी बुडाली. पुढें अमेरिकन न्यायालयानेंहि १८८४ सालीं पार्क्सचा अग्रमान मान्य केला. मान पार्क्सला मिळाला, पैसा हायटला!

सेल्युलॉइडनें हत्ती वाचविले असें पुष्कळदां लिहिलें जातें. तें अतिशयोक्तीचें आहे. नामांकित खेळाडू पुढें कित्येक वर्षें हस्तिदंतालाच धरून राहिले. फणी, गळपट्टी, बाहुल्या आणि कवळ्या ह्यांत मात्र नव्या पदार्थानें राज्य केलें. त्याचेंच पुढचें रूप म्हणजे चित्रपटाची फीत. दादासाहेब फाळके ह्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ ह्याच ज्वालाग्राही फितीवर उतरला. आणि २००३ च्या जानेवारींत पुण्यास लागलेल्या आगींत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा जुन्या फिती भस्मसात् झाल्या, तेव्हां ह्या पदार्थाचें दारूशीं असलेलें नातें महाराष्ट्रास कळून चुकलें.

टेबल टेनिसचा हलका चेंडूहि शतकाहून अधिक काळ सेल्युलॉइडचाच होता. आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याची जागा दुसऱ्या प्लॅस्टिकनें घेतली ती २०१४ सालापासून. १९५२ सालीं मुंबईंत जागतिक सामने झाले, त्यांत हिरोजी सातो हा चष्मा लावणारा जपानी खेळाडू जाड स्पंजी रबराची बॅट घेऊन उतरला. चेंडू बॅटवर लागल्याचा आवाजच येईना. आवाजावरून फटक्याचा अंदाज बांधण्याची संवय असलेले युरोपीय वीर गोंधळले आणि विजेतेपद जपानला गेलें.

हे सर्व पदार्थ आंतून कसे असतात, हें मात्र बराच काळ कोणास ठाऊक नव्हतें. हर्मान श्टाउडिंगर ह्या जर्मन रसायनज्ञानें १९२० सालीं प्रतिपादिलें कीं, लहान रेणू माळेंतील मण्यांप्रमाणें एकमेकांत गुंफून हे अजस्र रेणू बनतात. सहकाऱ्यांनीं त्याचें म्हणणें झिडकारलें. नोबेल पारितोषिक त्यास मिळालें तें १९५३ सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं. ह्याच माळांना आज पॉलिमर किंवा बहुवारिक म्हणतात.

अमेरिकन नौदलाच्या सेवेंत असतां ज्यूडा फोकमन ह्या तरुण डॉक्टरच्या ध्यानीं आलें कीं, कांहीं रंगद्रव्यें सिलिकोन रबरांतून हळूहळू पाझरतात. रंग पाझरतो तर औषध कां पाझरूं नये? डेव्हिड लाँग ह्याच्या सहकार्यानें त्यानें १९६४ सालीं ही कल्पना प्रसिद्ध केली. अडचण एवढीच कीं, प्रथिनासारखे मोठे रेणू ह्या वाटेनें जात नसत. १९७४ सालीं बोस्टन येथें फोकमनकडे रॉबर्ट लँगर हा रासायनिक अभियंता आला. गांठ वाढते ती नव्या रक्तवाहिन्यांच्या जोरावर, असें फोकमनचें मत होतें. ह्या वाहिन्यांना अटकाव करणारें द्रव्य शोधावयाचें, तर तें आठवडेंच्या आठवडे थोडथोडें स्रवलें पाहिजे. लँगरनें द्रावांत विरघळलेल्या पॉलिमरमध्यें प्रथिनाची पूड मिसळून गोळी तयार केली. पूड विरघळत जाते तसतसे गोळींत नागमोडी, अरुंद बोगदे पडतात, आणि त्यांतून वाट काढतांना रेणूंना दिवसच्या दिवस लागतात! १९७६ सालीं हें संशोधन ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत आलें. घन पदार्थांतून एवढे मोठे रेणू जातील ह्यावर जाणत्यांचा विश्वास बसेना. लँगरचे अनुदानासाठीं केलेले पहिले नऊ अर्ज नामंजूर झाले. त्यानें वापरलेल्या द्रव्यांपैकीं एक एथिलीन-व्हायनिल ॲसिटेट होतें. धावपटूंच्या बुटांच्या तळांत जो मऊ थर असतो, तो बहुधा ह्याच द्रव्याच्या फेसाचा.

पुढें अंगांत आपोआप विरणारे पॉलिमर आले. १९८९ सालीं अमेरिकेंत असें इंजेक्शन मान्य झालें कीं, त्यांतील सूक्ष्म कणांतून महिनाभर औषध स्रवत राहतें. १९९६ सालीं मेंदूच्या कर्करोगावरील चकती मान्य झाली. शस्त्रवैद्य गांठ काढल्यावर रिकाम्या जागेंत अशा आठपर्यंत चकत्या मांडून कवटी मिटतो. साबणाची वडी झिजावी तशी चकती बाहेरून झिजते आणि औषध नेमकें तेथेंच उतरतें. साऱ्या शरीरास त्याचा ताप होत नाहीं. रोग्याचें आयुष्य त्यायोगें वाढतें तें सरासरी कांहीं महिन्यांनींच.